बायपास : काहिरा ते देऊळघाट

मागच्या महिन्यात नववीच्या वर्गात मराठीचा तास सुरू होता. धड्यात 'हृदय' हा शब्द आला. मी फळ्यावर एका बाजूला 'हृदय' आणि दुसऱ्या बाजूला उर्दूत 'दिल' लिहिलं आणि मुलांना दोन्ही भाषांतले वाक्प्रचार विचारले. दिल टूटना, दिल लगाना, हृदय भरून येणं, हृदयाला पाझर फुटणं, अशी यादी वाढत गेली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, माझ्या दादा-अब्बांची बायपास झाली. त्यात दिलमधला कचरा काढून टाकतात ना?"

वर्ग हसला, मला मात्र हसू आलं नाही. २०१४ साली माझ्या अब्बांची बायपास झाली तेव्हा मीही असंच समजत होतो. बीएड झालेला, दोन भाषा शिकवणारा माणूस, पण डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवेपर्यंत मला वाटत होतं की ही मंडळी नसा उघडतात, त्यातला मळ खरवडतात आणि परत शिवून टाकतात. आपल्याकडे बहुतेकांचा हाच समज आहे. या समजाची किंमत काहींना जिवाने मोजावी लागते. म्हणून ही शस्त्रक्रिया कुठून आली आणि आपल्या गावापर्यंत कशी पोहोचली, ते सविस्तर लिहितो आहे.

आधी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. बायपासमध्ये काहीही काढून टाकत नाहीत. अडथळा जिथे आहे तिथेच राहतो. रस्त्यावर दरड कोसळली आणि ती हलवता येत नसेल तर आपण बाजूने वळणाचा रस्ता काढतो. तसंच इथे पायातली शिरा किंवा छातीच्या आतल्या बाजूची धमनी घेऊन अडथळ्याच्या पुढे जोडतात. रक्त त्या नव्या वाटेने जातं. दरड तशीच असते, आणि ज्या कारणाने ती कोसळली ते कारणही तसंच असतं.

हृदयाला रक्त कोण देतं?

हृदय मुठीएवढं असतं. दिवसाला साधारण एक लाख वेळा ते आकुंचन पावतं. सगळ्या शरीराला रक्त पाठवणारा हा अवयव स्वतः मात्र आतून वाहणाऱ्या रक्तावर जगत नाही. महाधमनीच्या मुळाशी दोन छोट्या धमन्या फुटतात, त्या हृदयाच्या अंगावरून मुकुटासारख्या पसरतात आणि त्याच्या स्नायूंना रक्त देतात. मुकुटासाठीच्या लॅटिन शब्दावरूनच त्यांना 'कोरोनरी' म्हणतात. त्यांची जाडी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. त्यात चरबीचे थर साचले, वाट अरुंद झाली की चढ चढताना, ओझं उचलताना छाती आवळल्यासारखी होते. वाट एकदम बंद झाली की हार्ट अटॅक येतो.

हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांबद्दल लिहिणाऱ्यांमध्ये एक नाव आपल्या ओळखीचं असायला हवं. इब्न अल-नफीस. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला दमास्कसजवळ जन्मलेला हा वैद्य पुढे काहिऱ्यात गेला आणि १२८८ साली तिथेच वारला. तो शाफई फिक्हही शिकवायचा. इब्न सीनाच्या 'कानून' या ग्रंथातल्या शरीररचनेच्या भागावर त्याने १२४२ च्या सुमारास भाष्य लिहिलं. त्यात त्याने दोन गोष्टी ठामपणे मांडल्या. रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डावीकडे मधल्या पडद्याच्या छिद्रांतून जात नाही, कारण अशी छिद्रं नाहीतच. ते फुप्फुसांतून फिरून येतं. आणि हृदयाचं पोषण कप्प्यात भरलेल्या रक्तातून होत नाही, तर त्याच्या अंगात पसरलेल्या रक्तवाहिन्यांतून होतं. पहिली गोष्ट गॅलनच्या विरोधात जाणारी होती, दुसरी इब्न सीनाच्या. म्हणजे ज्या उस्तादाच्या किताबावर तो भाष्य लिहीत होता, त्याचीच चूक त्याने अदबीने पण स्पष्ट दाखवली.

व्हॉट्सॲपवर मधूनमधून एक मजकूर फिरतो, की हृदयाची शस्त्रक्रिया मुसलमानांनी शोधली. ते खरं नाही. इब्न अल-नफीसने कुणाची छाती उघडली नाही. शरीयत आणि स्वभावातली दया यांमुळे आपण शवविच्छेदनापासून दूर राहिलो, असं तो स्वतःच लिहितो. त्याने केलं ते एवढंच, की जुन्या किताबात लिहिलंय म्हणून मान्य न करता विचार केला. अभिमान बाळगायचा तर याचा बाळगावा. आणि थोडी लाजही वाटू द्यावी, कारण त्याचं हे लिखाण पुढे फार थोड्यांनी वाचलं. त्याची हस्तलिखित प्रत १९२४ साली अल-तातावी नावाच्या एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात सापडली. तोपर्यंत युरोपात विल्यम हार्वेचा १६२८ चा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ येऊन तीनशे वर्षं होत आली होती.

शिवणकाम शिकलेला डॉक्टर

चालताना छातीत दुखतं आणि थांबलं की थांबतं, या दुखण्याचं नेमकं वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने १७६८ साली केलं. पण इलाज काय? हृदयाला हात लावायचा नाही, असं वैद्यकात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत मानलं जायचं. १८९६ साली जर्मनीत लुडविग रेन याने चाकूने भोसकलेल्या एका माणसाच्या हृदयाला टाके घातले आणि तो जगला. तिथून ही भीती थोडी कमी झाली.

नस नसेला जोडायची म्हणजे शिवायची. ती शिवण अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच सर्जनने बसवली. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्यावर ल्यों शहरात हल्ला झाला. मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती आणि ती शिवणं तेव्हा कुणालाच जमत नव्हतं. कार्नो वारले. तरुण कॅरेलच्या मनात ते राहिलं. त्याने त्याच शहरात भरतकाम करणाऱ्या एका बाईकडून बारीक सुई आणि रेशमी धाग्याचं काम शिकून घेतलं, असं सांगतात. १९१० साली त्याने एका कुत्र्याच्या हृदयावर बायपाससारखी जोडणी करून पाहिली. कुत्रा काही तासांतच मेला, पण कल्पना कागदावर आली. १९१२ साली रक्तवाहिन्या जोडण्याच्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

आमचे अब्बा शिंपी. देऊळघाटात पन्नास वर्षं त्यांनी मशीन चालवली. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी जरा बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर साहब, धागा कौनसा लगाया?" डॉक्टर हसले. म्हणाले, "चाचा, केसाएवढा बारीक असतो, चष्म्याला भिंग लावून शिवावं लागतं." अब्बांनी मान डोलावली. पुढे गावात जो भेटायला येई त्याला ते कापलेल्या छातीपेक्षा त्या धाग्याबद्दलच जास्त सांगत. कॅरेलची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "फिर वो भी दर्जीही था."

चुकून सापडलेली वाट

शिवण जमली तरी दोन अडचणी होत्या. धडधडणाऱ्या हृदयावर बारीक काम करायचं कसं, आणि अडथळा नेमका कुठे आहे हे बाहेरून ओळखायचं कसं?

पहिल्या अडचणीवर जॉन गिबन या अमेरिकन सर्जनने उत्तर काढलं. १९३१ साली बोस्टनमध्ये फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेल्या एका बाईच्या उशाशी तो रात्रभर बसला आणि ती त्याच्यासमोर गेली. हिचं रक्त थोडा वेळ बाहेरच्या यंत्रात फिरवता आलं असतं तर, हा विचार त्याने बावीस वर्षं सोडला नाही. त्याची पत्नी मेरी या कामात त्याच्या बरोबरीने होती. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात एका अठरा वर्षांच्या मुलीचं हृदय हार्ट-लंग मशीनवर असताना त्याने तिच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. ती जगली.

दुसऱ्या अडचणीचं उत्तर चुकीतून मिळालं. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स हा डॉक्टर एका रुग्णाची तपासणी करत होता. नळी महाधमनीत राहायची ती सरकून कोरोनरी धमनीत शिरली आणि रंगद्रव्य थेट तिथे गेलं. रुग्णाचं हृदय काही क्षण थांबलं. सोन्सने त्याला खोकायला सांगितलं आणि ठोके परत सुरू झाले. पडद्यावर मात्र हृदयाची धमनी फांद्यांसकट स्पष्ट दिसली होती. आज आपण जी अँजिओग्राफी करतो ती इथून सुरू झाली.

त्यानंतर वाट काढायला अनेकांनी हात घातला. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गोएट्झने एका टॅक्सीचालकावर बायपास केली, पण सहकाऱ्यांच्या विरोधामुळे पुन्हा केली नाही. १९६४ साली लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्हने छातीच्या आतली धमनी थेट हृदयाला जोडली, तीही मशीनशिवाय. त्याला त्याच्या देशात फारशी दाद मिळाली नाही.

ही शस्त्रक्रिया जगभर पसरली ती रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या डॉक्टरमुळे. त्याची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, कारण तो खेड्यातला डॉक्टर होता. हासिंतो आराउस नावाच्या एका आडगावात त्याने बारा वर्षं काढली. भावाला सोबत घेऊन दवाखाना उभा केला, गावातल्या लोकांचे रक्तगट लिहून ठेवले, म्हणजे गरज पडली की हाक मारता यावी. १९६२ साली, चाळिशीला टेकलेला असताना, तो क्लीव्हलँडला शिकायला गेला. ९ मे १९६७ रोजी त्याने एका ५१ वर्षांच्या बाईच्या पायातली शिरा काढून तिच्या हृदयाच्या बंद धमनीला जोड दिली. पुढच्या काही वर्षांत ही पद्धत सगळीकडे रूढ झाली.

फावालोरो अमेरिकेत राहून खूप कमावू शकला असता. १९७१ साली तो मायदेशी परतला, १९७५ साली त्याने संस्था काढली, पैसे नसणाऱ्यांवरही उपचार केले आणि शेकडो सर्जन घडवले. पण देणेकऱ्यांनी संस्थेचे पैसे थकवले, कर्ज वाढत गेलं. मदतीसाठी त्याने राष्ट्राध्यक्षांनाही पत्र लिहिलं. २९ जुलै २००० रोजी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. लाखो लोकांच्या हृदयाला वाट करून देणाऱ्या माणसाला स्वतःसाठी वाट दिसली नाही. इलाज शोधणं एक आणि तो गरिबापर्यंत पोहोचवणं दुसरं. दुसरं काम कधी कधी पहिल्याहून अवघड असतं, हे त्याच्या आयुष्यावरून कळतं.

आपल्याकडे

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय प्रत्यारोपण केलं. दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं प्रत्यारोपण करून तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला, पण महापालिकेच्या रुग्णालयात हे धाडस झालं, हे लक्षात ठेवायला हवं. भारतातली पहिली बायपास १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर इथल्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. म्हणजे तीही सरकारी रुग्णालयातच. पुढे मात्र ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतल्या मोठ्या खासगी इस्पितळांची झाली. मी कॉलेजात असताना आमच्या भागात बायपास म्हणजे मुंबई आणि मुंबई म्हणजे शेत विकणं, असं सरळ समीकरण होतं.

अब्बांना २०१४ च्या जानेवारीत त्रास सुरू झाला. सायकल चढावर ढकलताना छाती भरून यायची, डावा हात जड व्हायचा. एका दवाखान्यात गॅस म्हणून गोळ्या दिल्या. पंधरा दिवस आम्ही ओव्याचं पाणी देत बसलो. खालाने सैलानीला मन्नत मागितली. शेवटी बुलढाण्यात इसीजी झाला, तिथून औरंगाबादला पाठवलं. अँजिओग्राफीत तीन ठिकाणी अडथळे निघाले. अम्मीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कितने लगेंगे?"

पैसे लागले नाहीत, आणि यामागेही इतिहास आहे. गरिबांच्या हृदयाच्या, किडनीच्या शस्त्रक्रियांसाठी राज्य सरकारची जीवनदायी योजना १९९७ पासून होती, पण तिचा फायदा थोड्यांनाच मिळायचा. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा इलाज मोफत. पण पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई आणि मुंबई उपनगर. बुलढाणा त्यात नव्हता. आपला जिल्हा योजनेत आला २१ नोव्हेंबर २०१३ रोजी, ती राज्यभर लागू झाली तेव्हा. अब्बांचं दुखणं जेमतेम तीन महिने आधी आलं असतं तर तेच केशरी कार्ड आमच्या कामाचं नव्हतं. आमची दोन एकर जमीन आज आमच्या नावावर आहे ती त्या तारखेमुळे. २०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि आता मर्यादा पाच लाखांपर्यंत गेली आहे. दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. पहिल्यांदा त्याच्याकडे जा. आम्हाला एका ठिकाणी 'योजनेत बेड नाही, पैसे भरा तर आज घेतो' असं उत्तर मिळालं होतं. आम्ही दुसरीकडे गेलो आणि तिथे काम झालं. कागद हातात असेल तर एका नकारावर परत फिरू नका.

एक प्रश्न घरात दबक्या आवाजात आला, तोही सांगतो. ऑपरेशनच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. हे औषध १९१६ साली अमेरिकेत कुत्र्याच्या यकृतातून सापडलं, आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून बनतं. मामूंना हे कुठूनतरी कळलं होतं. आम्ही आमच्या ओळखीच्या एका आलिमांना फोन केला. त्यांनी एका मिनिटात उत्तर दिलं. जीव वाचवणं शरीयतच्या मूळ हेतूंपैकी एक आहे, दुसरा तेवढा भरवशाचा इलाज हाताशी नसेल तर मजबुरीत मनाईची गोष्टही मुबाह होते, यात संकोच करू नका. पुढे म्हणाले, "और हाँ, खून की ज़रूरत हो तो मुझे भी बताना." रक्त द्यायला गावातून जीप भरून पोरं आली. त्यात आमच्या मोहल्ल्यातली होती, तशी बाजूच्या आळीतली मराठा आणि बौद्ध पोरंही होती. कुणाचं रक्त अब्बांना चढलं ते आम्हाला माहीत नाही.

वाट नवी, माणूस तोच

आता पुन्हा त्या कचऱ्याच्या समजाकडे येतो. अब्बांसोबतच त्यांच्या एका जुन्या दोस्ताची बायपास झाली होती. त्यांनी धरलं की आता नसा साफ झाल्या, काम संपलं. सहा महिन्यांत गोळ्या बंद, वर्षभरात बिडी परत सुरू. चौथ्या वर्षी त्यांना दुसरा अटॅक आला आणि रस्त्यातच ते गेले. ऑपरेशन चुकलं नव्हतं. पायातून घेतलेल्या शिरेत तेच रक्त, तीच चरबी, तोच धूर जात राहिला.

शिरेचा जोड कायमचा नसतो. दहा वर्षांत अशा जोडांपैकी जवळपास निम्मे बंद पडतात. छातीच्या आतल्या धमनीचा जोड जास्त टिकतो, दहापैकी नऊ दहा वर्षांनीही चालू असतात. म्हणून १९८६ नंतर तिचा वापर वाढला. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० साली इंग्लंडमध्ये झाली होती. पंतप्रधान असताना जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांनी ती पुन्हा केली. आणि हजारो हृदयं दुरुस्त करणारे मुंबईचे डॉ. नीतू मांडके २००३ साली वयाच्या ५५ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले. या आजारापुढे पद चालत नाही आणि ज्ञानही एकटं पुरत नाही.

केरळात जन्मलेले, कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत 'इंटरहार्ट' हा अभ्यास झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ निघालं, इतर देशांत जवळपास ५९. आणि अटॅकची बहुतेक कारणं ओळखीची निघाली : तंबाखू, वाढलेली चरबी, रक्तदाब, साखर, पोटाचा घेर, ताण, भाजी-फळं कमी, हालचाल कमी. यातल्या बहुतेक गोष्टी आपल्या घरात आणि पानटपरीवर ठरतात.

अब्बा आता ऐंशीला टेकले आहेत. रोज फजरनंतर पैनगंगेच्या बाजूला चालून येतात. गोळ्यांचा डबा शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनच्या शेजारी असतो. तंबाखू त्यांनी औरंगाबादच्या दवाखान्याच्या दारातच टाकली, ती परत उचलली नाही.

त्या मुलाला मी वर्गात फळ्यावर आकृती काढून दाखवली. दरड, वळणाचा रस्ता, सगळं. त्याने वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सर, दादा-अब्बांना सांगू का, बिडी अजूनही नाही चालणार?"

मी म्हटलं, आजच सांग.